पाटीवरचं नाव, तोंडातलं नगर

शिर्डीच्या बसस्थानकाबाहेर, चहाच्या टपरीवरच्या बाकड्यावर दोघं बसली आहेत. मामा राहात्याचे, हायस्कुलात तीस वर्षं इतिहास शिकवून निवृत्त झालेले. भाची जामखेड तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका. दोन दिवस मामाकडे राहून, पहाटे समाधीचं दर्शन घेऊन ती परत निघाली आहे. आधी नगर गाठायचं, तिथून जामखेडची गाडी धरायची. गाडीला अजून अवकाश आहे. तिच्या पिशवीत शाळेचा नवा रबरी शिक्का आहे, मामांच्या ओळखीच्या दुकानातून करून घेतलेला. आदल्या रात्री जेवताना त्यावरूनच विषय निघाला आणि अर्धवट राहिला.

मामा : बघू तो शिक्का. (उलटी अक्षरं वाचत) ता. जामखेड, जि. अहिल्यानगर. चांगला उठेल. जुन्याचं काय केलंस?

भाची : कपाटात आहे. टाकला नाही.

मामा : टाकूही नकोस. अहमदनगर, पाचशे तीस वर्षांचं नाव आहे त्यावर.

भाची : आलात मुद्द्यावर. काल माझ्या ताटात भाकरी वाढताना तुमचं तोंड वाकडं झालं होतं, ते मामींनीही पाहिलं.

मामा : ते बाईंच्या नावाला नव्हतं गं. अहिल्यादेवींबद्दल वावगा शब्द माझ्या तोंडून कधी निघायचा नाही. माझं म्हणणं एवढंच, की गावावर पहिला हक्क गाव बसवणाऱ्याचा. मलिक अहमद जुन्नरला होता. बहमनी राज्य आतून खिळखिळं झालेलं. त्याच्यावर बीदरहून फौज आली, तिला त्यानं २८ मे १४९० रोजी भिंगारजवळ गाठून मोडलं. जिथं लढाई झाली तिथं आधी बाग केली. पुढं १४९४ मध्ये त्याच जागी, सीना नदीच्या काठी शहर वसवायला घेतलं, आणि ते निजामशाहीची राजधानी झालं. इतिहासकार फरिश्ता लिहितो, की दोन-तीन वर्षांत हे शहर बगदाद-कैरोच्या बरोबरीला आलं.

भाची : सीनेच्या काठी बगदाद! उन्हाळ्यात सीना बघितली होती का त्यानं?

मामा : दरबारी लेखणी आहे, थोडी वाढवणारच. पण माळरानावर शहर उभं राहिलं हे खरं, आणि ते अहमदनं उभं केलं हेही खरं.

भाची : आणि स्वतःचंच नाव देऊन टाकलं. मामा, गाव वसवणं हे कर्तृत्व, मान्य. पण नाव हा त्या कर्तृत्वाचा सत्कार असेल, तर हा गडी स्वतःच हार आणून स्वतःच्याच गळ्यात घालून मोकळा झाला. आणि बसवणाऱ्याचाच हक्क म्हणता, तर मलिक अंबरचं काय? निजामशाहीची राजधानी त्यानं १६१० मध्ये खडकीला वसवली. पाण्यासाठी नहर खोदली. त्याचं नाव कुठंय त्या शहरावर?

मामा : त्यानं दिलंच नाही. खडकाळ जागा म्हणून खडकी, तीच राहू दिली.

भाची : मग त्याच्या मुलानं, फतेहखानानं फतेहनगर केलं. औरंगजेबानं औरंगाबाद केलं. आता छत्रपती संभाजीनगर. चार नावं झाली, पण ज्यानं नहर आणली त्याचं एकही नाही. म्हणजे तुमचा तो हक्क राजधान्यांच्या बाबतीत कुणी पाळलेला नाही. ज्याची सत्ता, त्याची पाटी. आपल्या महाराजांनीसुद्धा रायरीचं रायगड केलं होतं. मोगलांनी ते इस्लामगड केलं, पुन्हा ते रायगड झालं.

मामा : बरोबर आहे. पण म्हणूनच नगरचं नवल वाटतं मला. १६०० साली शहर मोगलांकडं गेलं, त्यांनी नाव ठेवलं. औरंगजेबाला गावांची नावं बदलायची सवय होती. तो १७०७ मध्ये इथंच, भिंगारला वारला, तरी नाव तसंच राहिलं. १७५९ मध्ये किल्ला पेशव्यांना मिळाला, त्यांनीही बदललं नाही. १८०३ मध्ये इंग्रज आले. १९४२ मध्ये नेहरू, आझाद, पटेल त्या किल्ल्यात कैदी होते. नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ तिथंच लिहिलं. राजधानी म्हणून या शहराचं आयुष्य जेमतेम शंभर-सव्वाशे वर्षांचं. राज्य १६३६ मध्ये बुडालं. राजाही गेला, पण नाव पाच धन्यांच्या हाताखाली तसंच राहिलं.

भाची : कारण ते कुणाला खुपलंच नाही. कोण म्हणत होतं अहमदनगर? तुम्ही म्हणत होतात?

मामा : म्हणजे?

भाची : म्हणजे असं, की तुमचं सगळं आयुष्य ‘नगरला जाऊन येतो’, ‘नगरहून पाहुणे आलेत’, ‘नगरचा बाजार’ म्हणण्यात गेलं. हा समोरचा रस्ता नगर-मनमाड रोड. एसटीच्या पाट्यांवर काय असायचं? अ.नगर. अ आणि टिंब. तुमच्या निजामशहाचं राज्य त्या एका टिंबात उरलं होतं, मामा.

मामा : (हसून) हे बरं बोललीस. आमच्या एका सहकाऱ्याचा मुलगा लहानपणी विचारायचा, ‘बाबा, नगरच्या आधी हा अ कशाचा?’

भाची : आता मुंबईचं बघा. कोळ्यांची मुंबादेवी, तिच्यावरून मुंबई. पोर्तुगीजांनी, इंग्रजांनी कागदावर काहीही लिहिलं तरी मराठी माणूस मुंबईच म्हणत होता. १९९५ मध्ये सरकारनं काय केलं? लोकांच्या तोंडातलं नाव कागदावर आणलं.

मामा : थांब. इथंच मी तुला पकडतो. मुंबईत कागद लोकांच्या तोंडामागं गेला. नगरमध्ये उलटं झालं. लोकांच्या तोंडात जे नव्हतंच, ते कागदावरून खोडलं आणि त्या जागी दुसरं लिहिलं. लोक आधी नगर म्हणत होते, आताही नगरच म्हणतात. मग साधलं काय?

भाची : आणि मग गेलं काय? तुम्हीच सांगताय लोकांच्या तोंडात ते नव्हतं. जे नाव तुम्ही कधी उच्चारलं नाही, त्याचं तुम्हाला इतकं का लागावं?

(मामा चहाचा घोट घेतात. उत्तर लगेच येत नाही.)

मामा : आजोबांचं नाव आपण घरात रोज कुठं घेतो? पण सातबाऱ्यावर ते असतं. तिथून ते कमी झालं की कसं वाटतं? तसं. आणि त्या नावात काय काय भरलंय ते तुला सांगितलंच पाहिजे. अहमद म्हणजे काय, माहीत आहे?

भाची : नाही.

मामा : अरबीत हम्द म्हणजे स्तुती. ह, म आणि द या तीन अक्षरांतून मुहम्मद, महमूद, हमीद ही नावं निघाली, अहमदही तिथलंच. स्तुतीला अधिक पात्र, असा अर्थ. हा अहमद म्हणजे मलिक हसनचा मुलगा. फरिश्त्यानं दिलेली हकीकत अशी, की हसन जन्मानं ब्राह्मण, मूळ घराणं पाथरीच्या कुलकर्ण्यांचं. नाव तिमाभट, बापाचं नाव बहिरू, म्हणजे भैरव. विजयनगरच्या स्वारीत पोरगा कैद झाला, बहमनी दरबारात आला, मुसलमान झाला. त्याला म्हणायचे मलिक हसन बहिरू. शहजाद्याला बहिरू म्हणता येईना, तो बहरी म्हणू लागला.

भाची : बहिरी ससाण्यातलं बहिरी?

मामा : तेच. बापाचं भैरव हे नाव एका पोराच्या बोबड्या जिभेवर ससाणा झालं. पुढं निजामशाही घराणंच बहरी म्हणवून घेऊ लागलं. आणि अहमदचा मुलगा बुऱ्हाण, त्यानं पाथरी हे पूर्वजांचं गाव म्हणून इमादशाहीशी लढाई करून घेतलं. आता मला सांग, अहमदनगर हे नाव पुसताना नेमकं कुणाला पुसलं? अरबी शब्दाला, की पाथरीच्या बहिरूच्या नातवाला?

भाची : हळू बोला, पाथरीचं नाव शिर्डीत घेताय. २०२० च्या जानेवारीत बाबांचा जन्म पाथरीचा, या बोलण्यावरून गाव बंद होतं.

मामा : होतं ना. माझंच भाजीचं काम अडलं होतं त्या दिवशी. पाथरीचं हे असंच आहे, आपल्या जिल्ह्याच्या दोन्ही गोष्टींत ती मधे येते.

भाची : मामा, हे सगळं सुंदर आहे. मी खोटं नाही बोलत. पण आता माझंही ऐका. या शहरासाठी १५९५ मध्ये मोगलांशी कोण लढलं? चांदबिबी. तटाला खिंडार पडलं तेव्हा ती स्वतः तिथं उभी राहिली. तिच्या नावावर काय आहे? शहराबाहेरच्या डोंगरावरचा तो महाल लोक चांदबिबीचा महाल म्हणतात, आणि तोही तिचा नाही, सलाबतखानाची कबर आहे ती. पाचशे वर्षांत या जिल्ह्याच्या कागदावर एकदाही बाईचं नाव चढलं नाही. आणि चौंडी माझ्या शाळेपासून हाकेच्या अंतरावर आहे. तिथं ३१ मे १७२५ ला माणकोजी शिंदे पाटलांच्या घरी मुलगी झाली. नवरा गेला, सासरा गेला, मुलगा गेला. त्यानंतर १७६७ पासून १७९५ पर्यंत, मरेपर्यंत तिनं राज्य केलं. माझ्या वर्गात चौथीच्या मुली आहेत. दाखल्यावर जिल्ह्याचं नाव वाचताना त्या थांबतात. ‘बाई, आपल्या चौंडीच्या अहिल्यादेवी ना?’ आपल्या चौंडीच्या, म्हणतात. हे अ टिंबानं कधी झालं नसतं.

मामा : मान्य. पण एक सांग, अहिल्यादेवींची राजधानी कुठली?

भाची : महेश्वर. नर्मदेच्या काठी. इंदूरहून त्यांनी तिथं नेली.

मामा : मग महेश्वरचं नाव त्यांनी बदललं का?

भाची : नाही.

मामा : काशीला विश्वनाथाचं देऊळ बांधलं, सोमनाथला बांधलं, देशभर घाट, विहिरी, धर्मशाळा बांधल्या. स्वतःचं नाव दिलं? आज्ञापत्रावर सहीच्या जागी ‘श्रीशंकर’ लिहायच्या, असं सांगतात. जिनं स्वतःच्या हुकुमावर स्वतःचं नाव घातलं नाही, तिचं नाव आपण आख्ख्या जिल्ह्यावर लिहिलं. तिला आवडलं असतं?

भाची : नसतं आवडलं. म्हणून तर ते दुसऱ्यांनी लिहायचं असतं, मामा! अहमदनं स्वतः लिहून घेतलं, अहिल्यादेवींनी लिहिलं नाही. सत्काराला जास्त लायक कोण? तुम्हीच आत्ता सांगितलंत, अहमद म्हणजे स्तुतीला अधिक पात्र. मग त्या शब्दाचा अर्थ धरला तर नाव बदललं कुठं?

(मामा मोठ्यानं हसतात. टपरीवाला वळून बघतो.)

मामा : शाबास. ही वकिली झाली, इतिहास नाही, पण शाबास. आता अहल्या या शब्दाचा अर्थ सांग बघू. मूळ संस्कृतातल्या.

भाची : (जरा थांबून) गौतम ऋषींची बायको. शिळा झालेली.

मामा : ती गोष्ट झाली. अर्थ विचारला. रामायणाच्या उत्तरकांडात अर्थ दिलाय, हल्य म्हणजे कुरूपता, ती जिच्यात नाही ती अहल्या. आणि दुसरा अर्थ हल म्हणजे नांगर यावरून लावतात. अहल्या म्हणजे न नांगरलेली जमीन. आता गंमत बघ. पलीकडं प्रवरेच्या काठाला काळीभोर, बारमाही नांगरलेली, उसाची जमीन. तुझ्या जामखेडला पावसाची वाट बघत पडलेलं माळरान. दोन्ही एकाच जिल्ह्यात, आणि नाव आलं ते माळरानाकडचं.

भाची : हे नव्हतं माहीत मला. दर वर्षी जयंतीला भाषण करते मी, आणि नावाचा अर्थ माहीत नाही.

मामा : लाजू नकोस. तुझ्याहून मोठी चूक माझ्या नावावर आहे. तीस वर्षं निजामशाही शिकवली. ‘१४९० मध्ये मलिक अहमदने निजामशाहीची स्थापना केली.’ एक ओळ. फळ्यावर लिहायची, पोरांनी उतरवायची, पुढचा धडा. बहिरू नाही, ससाणा नाही, पाथरी नाही. अहमद म्हणजे काय, हे एका पोरानं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. ३१ मे २०२३ ला चौंडीत नाव बदलायची घोषणा झाली, १३ मार्च २०२४ ला मंत्रिमंडळानं ठराव केला, त्या ऑक्टोबरात शिक्कामोर्तब झालं. मग मी माडीवरून फरिश्त्याचं भाषांतर काढलं. नाव गेल्यावर वाचायला बसलो.

भाची : म्हणजे पाटी बदलली आणि मग तास सुरू झाला.

मामा : तसंच म्हण. रोजच्या वापरातलं नाव मुकं होतं बघ. शिर्डीचंच घे. साई, साई, साई. दिवसभर लाखभर तोंडांतून निघतं. पण बाबांचं खरं नाव कुणाला माहीत आहे? धूपखेड्याच्या वऱ्हाडाबरोबर एक फकीर आला. खंडोबाच्या देवळापाशी म्हाळसापतींनी ‘या साई’ म्हटलं, अशी कथा. तेच नाव झालं. कुणी म्हणतं स्वामी शब्दावरून साई आला, कुणी म्हणतं फारसीतून. ज्याला हाक मारली त्यानं कधी भांडण केलं नाही.

भाची : आणि मशिदीला त्यांनी द्वारकामाई म्हटलं.

मामा : हां! तेच मला म्हणायचंय. द्वारकामाई म्हटलं, पण मशीद काढली का? आजही लोक म्हणतात, ‘बाबा मशिदीत राहायचे, द्वारकामाईत.’ दोन्ही नावं एका वाक्यात येतात. एकानं दुसऱ्याला हाकललं नाही. मला अहिल्यानगरचं दुखणं नाही, मला हाकलण्याचं दुखणं आहे.

भाची : पण मामा, फकिराला ते जमतं. सरकारला एकच नाव लागतं. दाखल्यावर जिल्ह्याच्या पुढं एकच रिकामी रेघ असते. दोन नावं लिहायला तिथं जागाच नसते.

मामा : रेल्वेला जमतं की. श्रीरामपूर एवढं मोठं गाव, पण तिथल्या स्टेशनचं नाव बेलापूर. शिर्डीला २००९ मध्ये रेल्वे आली, तर स्टेशनचं नाव साईनगर शिर्डी. जुनं ठेवून पुढं एक जोडलं. नगर शब्द तिथंही आहेच.

भाची : आणि विमानतळ? २०१७ ला सुरू झाला. जमीन काकडीची, धूळ काकडीची, विमानाचा आवाज काकडीच्या गुरांनी ऐकायचा, आणि नाव शिर्डी. काकडीच्या माणसाला विचारा, जोडलेलं नाव कसं वाटतं ते. मोठं नाव छोट्याला झाकतंच, मामा. अहमदनगर आलं तेव्हा भिंगार झाकलंच ना? ते त्याच्या आधीचं गाव. त्याच्यासाठी कोण रडलं?

मामा : (बराच वेळ गप्प) नाही रडलं कुणी. खरंय. भिंगारला विचारलं असतं तर १४९४ मध्ये त्यानंही हेच म्हटलं असतं जे मी आज म्हणतोय.

भाची : मग?

मामा : मग काही नाही. माझं म्हणणं जरा आवरतं घेतो. नाव बदलू नये, असं नाही म्हणत आता. बदललं की जुन्याचा तास घ्यावा. तू नव्या शिक्क्यानं दाखले दे. पण वर्षातून एकदा जुना शिक्का कोऱ्या कागदावर उठवून पोरांना दाखव. म्हण, हे पण आपलंच. आणि मग बहिऱ्या ससाण्याची गोष्ट सांग.

भाची : सांगेन. पण एका अटीवर. तुम्ही राहात्याच्या पोरांना चौंडीची गोष्ट सांगायची. निवृत्त आहात, वेळच वेळ आहे. आणि नुसती देवळं बांधली एवढंच सांगायचं नाही. राज्य केलं, हे सांगायचं.

मामा : कबूल.

(तेवढ्यात डोक्याला साईबाबांचा रुमाल बांधलेला, दक्षिणेकडचा वाटणारा एक भाविक मोबाईल हातात धरून मामांपुढं येऊन उभा राहतो. मोडक्या हिंदीत विचारतो, हे शहर किती लांब आहे? मामा चष्मा वर करून पडद्यावर बघतात.)

मामा : अहिल्यानगर? अस्सी किलोमीटर के ऊपर थोडा. शिंगणापूर जाना हो तो पहले ही उतर जाना, राहुरी में.

(भाविक मान हलवून जातो. भाची मामांकडं बघत असते. मामा चष्मा खाली घेतात आणि उरलेला चहा संपवतात. फलाटावर एक लाल गाडी मागं येऊ लागते. पाटी अजून दिसत नाही. भाची पिशवी खांद्याला लावून धावत सुटते आणि कंडक्टरला ओरडून विचारते.)

भाची : ओ काका, नगर ना?